शिवारातील मोजणी आणि यंत्रातील तज्ज्ञ

2008 च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भातील सोयाबीनच्या पानांची चाळण झाली. उंटअळी, तंबाखूची पाने खाणारी अळी आणि घाटेअळी एकाच हंगामात पिकावर तुटून पडल्या. कृषी विद्यापीठांत कीटकशास्त्रज्ञ होते, तालुक्याच्या गावी कृषी अधिकारी होते, दुकानांत औषधेही होती. पण कोणत्या गावाच्या शिवारात अळी किती आणि ती वाढते आहे की घटते आहे, हे वेळेवर सांगणारे आकडे कोणाच्याच हाती नव्हते. ज्ञान परभणीच्या कृषी विद्यापीठात आणि अळी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, अशी स्थिती होती. मधले अंतर पार करून बातमी पोहोचेपर्यंत पानांच्या शिरा तेवढ्या उरत.

पुढच्याच वर्षी, 2009-10 मध्ये, राज्याच्या कृषी विभागाने दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राच्या साथीने कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ल्याचा प्रकल्प सुरू केला. गावोगाव तो ‘क्रॉपसॅप’ या नावानेच ओळखला जातो. शेतात मोजायचे, आकडा संगणकात भरायचा, संगणकाने तो तज्ज्ञांनी ठरवलेल्या मर्यादेशी ताडून पाहायचा आणि मर्यादा ओलांडली असेल तर विद्यापीठाने सल्ला द्यायचा, अशी ही साखळी. तज्ज्ञाचे शहाणपण नियमांत बसवून संख्याशास्त्राच्या दिमतीला देण्याचा इतका मोठा प्रयोग महाराष्ट्राच्या शेतीत त्याआधी झाला नव्हता. मात्र त्याची वंशावळ पाहायची तर सत्तर वर्षे मागे जावे लागते.

नजरेची आणेवारी

चाळीसच्या दशकात जालना हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. पीक किती आले, हे तेव्हा इथे आणि ब्रिटिश मुलखातही नजरेने ठरे. उत्तम पीक म्हणजे सोळा आणे. यंदा दहा आणे की आठ, हे गावकामगार आणि त्याच्या वरचे अधिकारी बांधावर उभे राहून सांगत. अनुभवी माणसाची नजर तयार असते, यात शंका नाही. पण त्या आकड्यावर सारा-सूट अवलंबून असल्याने नजरेवर दडपण येई, आणि दोन तालुक्यांतील दोन माणसांच्या ‘दहा आण्यां’चा एकमेकांशी मेळ बसेलच, याची काही शाश्वती नसे.

यावर उपाय म्हणून जे उभे राहिले त्यात दोन मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुधचे. जन्म 1911 चा. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले, नेमन आणि ईगॉन पिअर्सन यांच्या सहवासात संख्याशास्त्र शिकले आणि 1940 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. दुसरे विनायक गोविंद पानसे. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत कापसाच्या आनुवंशिकीवर काम करता करता ते संख्याशास्त्राकडे वळले. नमुना-पाहणीने कापसाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधता येतो का, हे पाहण्यासाठी चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला जे प्रयोग झाले ते जालन्याला लागूनच असलेल्या वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यात.

त्यातून घडलेल्या पीक कापणी प्रयोगाची पद्धत आजही बहुतांश तीच आहे आणि ती जवळून पाहण्याजोगी आहे. गाव यादृच्छिक पद्धतीने निवडायचे, गावातील गट नंबरही तसाच निवडायचा. शेतावर गेल्यावर ‘इथे पीक बरे दिसते, इथेच कापू’ असे म्हणण्याची मुभा कोणालाच नाही. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे, शेताची लांबी-रुंदी मोजायची, यादृच्छिक अंकांच्या कोष्टकातून दोन अंक घ्यायचे, तेवढे अंतर लांबीच्या बाजूने आणि तेवढे रुंदीच्या बाजूने जायचे आणि तिथे पहिली खुंटी ठोकायची. मग दोरी ताणून 5 मीटर बाय 5 मीटरचा किंवा पिकानुसार 10 मीटर बाय 5 मीटरचा तुकडा आखायचा. त्यातले पीक कापायचे, मळायचे, ताडपत्रीवर घेऊन तोलायचे आणि दाणे वाळल्यावर वजनात किती घट येते तेही नोंदवायचे. खुंटी खडकाळ जागी पडली तरी जागा बदलायची नाही.

या सूचनांत सुखात्मे आणि पानसे यांची सारी विद्या सामावलेली आहे. कापणी करणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रमाण-विचलन ठाऊक असण्याची गरज नाही. सूचना पाळल्या की त्याच्या हातून शास्त्रशुद्ध नमुना आपोआप पडतो. कोलकात्याचे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल वेगळा होता. खास शिकवून तयार केलेले अन्वेषक नेमावेत आणि लहान आकाराचे पुष्कळ तुकडे कापावेत, असे त्यांचे म्हणणे. तुकडा फार लहान असला की काठावरची ताटे आत धरण्याकडे हात झुकतो आणि उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त दिसते, हे सुखात्मे यांनी दाखवून दिले. 1946 साली ‘नेचर’मध्ये त्यांचे त्यावर टिपण आले. हा वाद दोन थोर माणसांमधला होता आणि तो कटूही झाला. त्यातून एक गोष्ट मात्र पक्की झाली. महसूल आणि कृषी खात्याच्या नेहमीच्या माणसांकडून हे काम करवून घ्यायचे, तर तज्ज्ञाला त्यांच्या हातातील सूचनापत्रात उतरावे लागेल. पानसे-सुखात्मे यांचे शेतकी कार्यकर्त्यांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक 1954 मध्ये निघाले आणि कृषी महाविद्यालयांतील कित्येक पिढ्या त्यावर घडल्या.

बियाण्यांचे गाव आणि पहिले संगणक

1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि 1 मे 1981 रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर गावाची ओळख पालटली होती. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि पाहता पाहता हे बियाण्यांचे गाव झाले. पुढे 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार बारवाले यांना मिळाला. जिल्ह्यातल्याच बदनापूरच्या संशोधन केंद्रात तुरीवर काम चालले. मर आणि वांझ रोगांना तोंड देणारे बीएसएमआर 736 आणि नंतरचे बीडीएन 711 हे वाण मराठवाड्याच्या शेतकऱ्याला नावानिशी माहीत आहेत.

नवे वाण जुन्याहून सरस आहे, हे एका शेतातील एका हंगामाच्या उत्पन्नावरून ठरत नाही. जमीन वेगळी, पाऊस वेगळा. म्हणून शेताचे गट पाडायचे, प्रत्येक गटात वाणांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायची, आणि दिसणारा फरक वाणाचा आहे की जमिनीचा, हे विश्लेषणाने वेगळे काढायचे. बदनापूर असो की खासगी कंपनीचे प्रक्षेत्र, हे गणित चुकवून कोणालाच पुढे जाता येत नाही. 1964 मध्येच दिल्लीच्या कृषी संशोधन सांख्यिकी संस्थेत आयबीएम 1620 हा संगणक बसला आणि हाताने दिवसचे दिवस खाणारी आकडेमोड यंत्राकडे गेली. 1977 मध्ये तिथे त्याहून मोठा बरोज संगणक आला.

आकडेमोड सोपी झाली तशी एक नवी काळजी उभी राहिली. ऐंशीच्या दशकापर्यंत संख्याशास्त्राची तयार सॉफ्टवेअर जगभर पसरली. कोणीही माहिती भरावी आणि उत्तर घ्यावे. पण ती पद्धत त्या माहितीला लागू पडते का, एखादा भलताच आकडा सारे गणित ओढून नेत नाही ना, हे कोण पाहणार? संख्याशास्त्रज्ञ मोजके आणि माहितीचे ढीग उदंड. तेव्हा संख्याशास्त्रज्ञालाच यंत्रात बसवता येईल का, असा प्रश्न पुढे आला.

यंत्रात बसवलेला संख्याशास्त्रज्ञ

स्टॅनफर्डमध्ये सत्तरच्या दशकात ‘मायसिन’ने वाट दाखवली होती. रक्तातील जंतुसंसर्गाचे निदान ‘असे असेल तर तसे’ या धाटणीच्या काहीशे नियमांवर करणारा तो संगणक-कार्यक्रम. विशेष म्हणजे ‘हे का विचारता?’ असे डॉक्टरने विचारले, तर तो आपला नियम काढून दाखवी. त्याच धर्तीवर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विल्यम गेल आणि डॅरिल प्रेगिबॉन यांनी ‘रेक्स’ तयार केला. एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याचे, म्हणजे समाश्रयणाचे काम तो करी. पावसावरून उत्पन्नाचा अंदाज बांधायचा आहे, असे समजा. रेक्स आधी आकड्यांची वाटणी पाही, बाजूला पडलेला आकडा दाखवी, नाते सरळ रेषेचे नसेल तर लॉगॅरिदम घेऊन पाहण्याचे सुचवी, आणि मगच गणिताला हात घाली. प्रत्येक सूचनेमागचे कारणही सांगे. इंग्लंडमध्ये रॉदॅमस्टेडला घडलेले जॉन नेल्डर आणि त्यांचे सहकारी यांनी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ग्लिम्प्स’ हा असाच मदतनीस घडवला. 1985 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संख्याशास्त्र यांवर पहिली कार्यशाळा भरली.

हा उत्साह फार टिकला नाही. रेक्ससारखे कार्यक्रम तंत्र उत्तम जाणत, पण ही माहिती कुठून आली, कोणी मोजली आणि मुळात कोणता प्रश्न सोडवायचा आहे, हे त्यांच्या आवाक्याबाहेर होते. खुंटी खडकाळ जागेवरून उचलून चांगल्या जागी ठोकली असेल, तर कोणतेही विश्लेषण ती चूक हुडकू शकत नाही. नव्वदच्या दशकात या प्रकल्पांची चर्चा ओसरली. त्यांनी घातलेली शिस्त मात्र उरली. भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेने पुढे प्रयोगांच्या आखणीसाठी संकेतस्थळ सुरू केले; तिथे संशोधक आपली गरज सांगतो आणि यादृच्छिक मांडणी केलेला आराखडा त्याला तयार मिळतो. त्याच संस्थेच्या ‘अॅग्रीदक्ष’वर पीकतज्ज्ञ आपले ज्ञान स्वतः भरून तज्ज्ञ-प्रणाली उभी करू शकतात.

त्या काळातील एका प्रयोगाची आठवण सोयाबीन घेणाऱ्या जिल्ह्याने ठेवायला हवी. इलिनॉय विद्यापीठात मिखाल्स्की आणि चिलाउस्की यांनी सोयाबीनच्या 15 रोगांच्या निदानासाठी दोन प्रकारचे नियम तयार केले. पहिले, वनस्पतिरोगतज्ज्ञाला विचारून लिहून घेतलेले. दुसरे, 290 रोगट झाडांच्या नोंदींवरून संगणकानेच शोधून काढलेले. मग न पाहिलेल्या 340 झाडांवर दोन्हींची परीक्षा झाली. तज्ज्ञाने सांगितलेल्या नियमांचे पहिले निदान सुमारे 72 टक्के वेळा बरोबर निघाले, नोंदींवरून घडलेल्या नियमांचे जवळपास 98 टक्के वेळा. 1980 मध्ये हा निष्कर्ष छापून आला. तज्ज्ञाला जेवढे कळते तेवढे सगळे त्याला शब्दांत सांगता येत नाही; उरलेले नीट केलेल्या नोंदींतून हाती लागते. या नोंदीही काळजीपूर्वक घेतलेल्या होत्या: प्रत्येक झाडाची 35 लक्षणे.

वीस बोंडांचे गणित

आता क्रॉपसॅपकडे वळू. त्याच्या गाभ्याशी असलेली कल्पना 1959 सालची आहे. कॅलिफोर्नियातील स्टर्न आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी मांडले की कीड दिसली म्हणून फवारायचे नाही. होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाला गाठणार, अशा टप्प्यावर ती येऊ लागली तरच फवारायचे. आपल्याकडे यालाच आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात; कृषी सहाय्यकांच्या बोलण्यात ती नुसती ‘ईटीएल’ असते. कापसावर तुडतुडे सरासरी पानाला 2, फुलकिडे पानाला 10. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज 8 पतंग, किंवा फुले-बोंडांपैकी 10 टक्के किडलेली. विद्यापीठाच्या तज्ज्ञांचे कित्येक वर्षांचे प्रयोग या छोट्या आकड्यांत आटवलेले आहेत.

क्रॉपसॅपमध्ये गावात काही शेते हंगामभरासाठी निश्चित केलेली असतात आणि काही प्रत्येक वेळी यादृच्छिक निवडली जातात. निश्चित शेतांवरून कीड वाढते की घटते हे कळते, यादृच्छिक शेतांवरून ती किती पसरली हे कळते. सर्वेक्षक शेतात ठरलेल्या ठिकाणी झाडे पाहतो, वरचे, मधले आणि खालचे पान उलटून रस शोषणाऱ्या किडी मोजतो, सापळ्यातील पतंग मोजतो. आकडे संगणकावर आणि पुढच्या काळात मोबाईलवर चढले. मर्यादा ओलांडलेली गावे यंत्रणा वेगळी काढून दाखवते, आणि जालन्यापुरता सल्ला देतात परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ. रेक्स जिथे अडला तिथे या साखळीत माणूस उभा आहे. एका टोकाला मोजणारा आणि दुसऱ्या टोकाला जबाबदारी घेऊन सल्ला देणारा.

गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घेऊन पाहू. ही अळी बोंडाच्या आत राहते. बाहेरून बोंड धडधाकट दिसते. म्हणून शेतकऱ्याला सांगतात की शेतात फिरून कोणतीही 20 हिरवी बोंडे तोडा, फोडून पाहा, आणि 2 बोंडांत अळी किंवा तिच्या खुणा सापडल्या तर 10 टक्क्यांची पातळी गाठली असे समजा. नियम सोपा आहे, बांधावर कोणालाही वापरता येतो. पण त्यामागचे गणितही पाहिले पाहिजे. शेतातील खरी कीड बरोबर 10 टक्के असेल, तरी 20 बोंडांत एकही किडके न निघण्याची शक्यता 12 टक्के आहे आणि फक्त एक निघण्याची 27 टक्के. म्हणजे पातळी गाठलेल्या दर शंभर शेतांपैकी एकोणचाळीस शेते ‘अजून ठीक आहे’ असे सांगतील. उलट, खरी कीड अवघी 3 टक्के असलेल्या शेतातही 2 किंवा जास्त किडकी बोंडे हाती लागण्याची शक्यता 12 टक्के असते. तो शेतकरी गरज नसताना फवारेल.

यात नियम ठरवणाऱ्याची चूक नाही आणि शेतकऱ्याचीही नाही. 20 बोंडे एवढेच बोलू शकतात. तीच मोजणी दहा शेतांत करून 200 बोंडे एकत्र धरली, तर 10 टक्के कीड असताना किडक्या बोंडांचा आकडा बहुतेक वेळा 12 ते 28 च्या दरम्यान पडतो. म्हणजे अंदाज 6 ते 14 टक्क्यांत येतो आणि किडीचा मागमूसच न लागण्याची भीती जवळजवळ संपते. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजले की कल दिसतो. एकट्या शेतकऱ्याच्या वीस बोंडांना जे सांगता येत नाही ते परिसराच्या एकत्र मोजणीला सांगता येते. क्रॉपसॅपची खरी ताकद संगणकाइतकीच या बेरजेत आहे.

2017 ची परीक्षा

26 मार्च 2002 रोजी महिको-मोन्सँटोच्या तीन बीटी कापूस वाणांना केंद्राच्या समितीने परवानगी दिली आणि जालन्याच्या बियाण्यांचे नाव देशभर गाजले. चार वर्षांनी दोन जनुकांचा बोलगार्ड-2 आला. अमेरिकन बोंडअळीच्या भीतीतून शेतकरी सुटला. बोंडअळी गेली, असे मानून अळीसाठी बोंडे फोडून पाहण्याची सवयही मोडत गेली. गुलाबी बोंडअळी दरम्यान बीटी कापसातील अळीनाशक प्रथिनांना सरावत होती. पाण्याची सोय असलेल्या शेतात फरदड, म्हणजे वेचणीनंतरही उभे ठेवलेले कापसाचे पीक, राखली जाई, तिथे तिला हिवाळ्यानंतरही खाद्य मिळे. 2017 मध्ये मराठवाडा-विदर्भात तिचा उद्रेक झाला. अळीमुळे न उमललेल्या डोमकळ्या, किडकी बोंडे, पिवळी पडलेली रुई आणि वेचणीला परवडेनासे झालेले कापसाचे शेत असे चित्र गावोगाव दिसले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले. गरज नसलेल्या फवारणीची किंमत फक्त पैशांत मोजायची नसते, हे त्या वर्षाने शिकवले.

त्यानंतरच्या हंगामात मोजणीकडे पुन्हा लक्ष गेले. कामगंध सापळे शेतांत आणि जिनिंग कारखान्यांतही लागले, डोमकळ्या तोडून नष्ट करण्याचा आणि फरदड न घेण्याचा धोशा लावला गेला, वीस बोंडे फोडून पाहणे पुन्हा सुरू झाले. 2018 चा प्रादुर्भाव आदल्या वर्षीच्या मानाने आटोक्यात राहिला.

आज मोजणीचे ओझे वाढले आहे. 2016 पासूनच्या पीक विमा योजनेतही भरपाई कापणी प्रयोगांवर ठरते. महसूल मंडळ हे एकक धरले, तर मुख्य पिकाचे प्रत्येक मंडळात किमान 10 प्रयोग हवेत. दुसरीकडे नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तीन टप्प्यांत गावाची पैसेवारी जाहीर होतेच. ती 50 पैशांच्या आत की वर, याकडे सारा गाव डोळे लावून बसतो. उपग्रहाची छायाचित्रे आणि शिकणारी यंत्रे आता उत्पन्नाचा अंदाज देऊ लागली आहेत. त्यांचे स्वागतच आहे. पण ती यंत्रेही शिकतात ती जमिनीवर कापलेल्या तुकड्यांच्या वजनांवरून. दोरी सैल ताणली किंवा घरबसल्या आकडा भरला, तर यंत्र तीच लबाडी मोठ्या सफाईने परत करील.

म्हणून सुखात्मे-पानसे यांच्या वारशाचे खरे वारस मोजणारे हात आहेत. कृषी सहाय्यकाच्या माथी दहा योजनांची कामे मारून वर वीस बोंडे फोडायला सांगणे म्हणजे सगळ्या प्रणालीचा पायाच पोकळ करणे आहे. मोजणीसाठी त्याला वेळ, प्रशिक्षण आणि नेमके उत्तरदायित्व मिळाले पाहिजे. आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर जाणाऱ्या प्रत्येक सल्ल्यात आणखी एक ओळ असावी: तुमच्या मंडळात या आठवड्यात किती शेते पाहिली, त्यांतली किती पातळीच्या वर निघाली. जालन्यातल्या घनसावंगीच्या शेतकऱ्याला एवढे समजले तर फवारणीचा निर्णय तो डोळसपणे घेईल आणि मोजणी झालीच नसेल तर जाबही विचारू शकेल. मायसिनने पन्नास वर्षांपूर्वी डॉक्टरला ‘का’ विचारण्याचा हक्क दिला होता. कापूस पिकवणाऱ्याला तो हक्क देण्यासाठी नवे यंत्र लागत नाही. आकडे गोळा होतात तिथून ते त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची इच्छा लागते.